आठवडा कुणाच्या सायकलचा?

मंडळी, ‘पुरुष नसबंदीनंतरची सायकल’ या आजच्या विषयाला मागच्या रांगा आधी भरल्या आणि पुढच्या रिकाम्याच राहिल्या. हरकत नाही. आवाज मागपर्यंत येतोय ना? मग तिथेच बसा.

नसबंदीच्या सरकारी मार्गदर्शक पुस्तिकेत ऑपरेशननंतरच्या सूचना आहेत. त्यात असं सांगितलंय की ४८ तासांनी नेहमीचं काम सुरू करावं आणि आठवड्यानंतर, सायकल चालवण्यासकट, सगळं पूर्ववत करावं. सायकलचा उल्लेख अगदी नावानिशी आहे. मला या सूचनेचं फार कौतुक वाटतं. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर माणूस स्पष्ट होता. वर्कशॉपात, शेतावर, दूध घालायला जाणारा, कॅरिअरला डबा बांधलेला. पाच-सात किलोमीटर, ताठ बसून, स्प्रिंगच्या रुंद सीटवर, खड्डा आला की उतरून. त्याला आठवडा पुरतो. त्याची मजुरी बुडू नये म्हणून तो आठवडा लिहिलाय.

तुम्हा सायकलवाल्यांचं तसं नाही. २०१५ साली आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी, दोघेही डॉक्टर, अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत जोडीने पूर्ण केली आणि तेव्हापासून या गावात दर तिसऱ्या घरात एक ब्रेवेवाला आहे. ब्रेवे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत. कंबरेतून पुढे वाकायचं, अरुंद कडक सीट, मिनिटाला ऐंशी-नव्वद पेडल. हे सगळं तुमचं, आणि आठवडा मात्र दूधवाल्याचा लावायचा! सातवा दिवस उजाडला की फोन येतो, ‘डॉक्टर, उद्या सायकलने वणी करू का?’

आधी ऑपरेशन काय असतं ते थोडक्यात. वृषणात शुक्राणू तयार होतात आणि दोन वीर्यवाहिन्यांमधून वर जातात, डावीकडे एक, उजवीकडे एक. बिनटाक्याची पद्धत १९७४ साली चीनमध्ये डॉ. ली शुनचियांग यांनी काढली, आपल्याकडे ती नव्वदच्या दशकात आली. पायजम्याच्या नेफ्यातली नाडी बाहेरूनच चिमटीत धरावी, तशी ती वाहिनी कातडीवरून धरता येते. जागा बधिर करून एक बारीक छिद्र पाडायचं, वाहिनीचा वळसा बाहेर घ्यायचा, छोटा तुकडा कापायचा, टोकं बांधायची, दोन टोकांच्या मध्ये वाहिनीच्याच आवरणाचा पडदा घालायचा आणि आत सोडून द्यायचं. मग दुसरी बाजू. वीसेक मिनिटांचं काम. टाका नाही. आणि टाका नाही हीच खरी अडचण आहे. बाहेरची जखम पाच-सहा दिवसांत शोधावी लागते, त्यामुळे माणसाला वाटतं, संपलं.

आत काय असतं? हाताला, पायाला मार बसला तर आजूबाजूचं घट्ट मांस रक्ताला दाबून धरतं, रक्त थोडं साठतं आणि थांबतं. वृषणाच्या पिशवीत तसं घट्ट काहीच नाही. सगळी सैल जागा. एखादी अगदी बारीक शीर बांधलेल्या टोकापासून सुटली, तरी रक्ताला अडवणारं कुणी नाही, ते सावकाश जागा करत जातं. म्हणून आम्ही लंगोट सांगतो. कोपऱ्यावरच्या मेडिकलात मिळणारा सपोर्टरही चालेल. आतून जो दाब नाही तो बाहेरून द्यायचा आणि वजन लोंबकळू द्यायचं नाही, एवढाच हेतू. पैलवानासारखा करकचून बांधायची गरज नाही. (मागच्या वर्षी एकाने तो पँटवरून बांधला होता. म्हणे, आधार मिळतो.)

आता पेडल मारताना काय होतं ते बघा. मांड्या आलटून-पालटून वर येतात आणि मधल्या भागाला घासतात. जोर लावला की वृषण वर ओढणारा स्नायू आवळतो, म्हणजे ताज्या बांधलेल्या टोकांना ओढ बसते. चढावर रक्तदाब वाढतो. वर घाम आणि ओल. सीटचा दाब खरं तर पिशवीवर कमी आणि तिच्या मागच्या भागावर जास्त येतो, त्यामुळे ‘सीट लागत नाही, म्हणजे चालवायला हरकत नाही’ हा हिशेब चुकतो. सीट न लागताही बाकीच्या गोष्टी घडतच असतात.

माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांचं सांगतो. सहाव्या दिवशी ‘जरा हलकं’ म्हणून निघाले ते कसारा घाट उतरून परत चढून आले. वाटेत काही दुखलं नाही, कारण निघताना ब्रुफेन घेतलेली. संध्याकाळी जड वाटायला लागलं. रात्री एक बाजू दुसरीच्या दुप्पट झाली, कडक आणि जांभळी. सोनोग्राफीत रक्ताची गाठ. नशीब, पुन्हा चिरावं लागलं नाही. आधार आणि विश्रांती यांवर भागलं, पण ती गाठ विरायला दीड महिना लागला. तेवढ्यात त्यांची नावनोंदणी केलेली दोन ब्रेवे गेली. असं शंभरात एकदोघांना होतं, जंतुसंसर्गही साधारण तेवढ्यांनाच. आकडा छोटा आहे, पण तो आपल्या हाताने मोठा करायची सोय सायकलवाल्यांकडे आहे.

म्हणून गोळी घेऊन सायकलवर बसायचं नाही. दुखणं ही तुम्हाला मिळणारी एकमेव खबर आहे, ती दाबली तर कळणार कसं? आणि दुखतंय का, हे सायकलवर ठरवू नका. अंग तापलेलं असतं, बरोबरचे चिडवत असतात, कुणालाच काही दुखत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीच्या वेळी हात लावून बघा. दोन्ही बाजू कालसारख्या आहेत? पुढची पायरी. एक बाजू भरल्यासारखी, खाली ओढल्यासारखी वाटते? तीन-चार दिवस सायकल भिंतीला. नुसता निळा-जांभळा डाग असेल आणि सूज नसेल तर घाबरू नका, तो मांडीकडे उतरतो आणि जातो. सूज दर तासाला वाढत असेल, ताप आला, पू आला किंवा लघवी अडली तर मात्र मला विचारत बसू नका, थेट या.

पहिले दोन दिवस पडून राहा. रुमालात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ ठेवा, काढा, पुन्हा ठेवा. या दोन दिवसांतला सगळ्यात मोठा धोका रस्त्यावर नसतो, घरात असतो. नसबंदी करणाऱ्याच्या घरी बहुधा तीन-चार वर्षांचं पोर असतं आणि ते ‘बाबाऽऽ’ म्हणत पलंगावर उडी मारतं. मांडीवर उशी ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चालायला लागा. मोटरसायकल मात्र सायकलपेक्षा आधी सुरू करू नका. तिला पेडल नाही, पण आपल्या गल्लीतले स्पीडब्रेकर तिलाही आहेत, आणि जुनी स्कूटर असेल तर किक आहे.

आठवडा झाला, सगळं शांत आहे, तर दूधवाल्याचा आठवडा दूधवाल्यासारखा वापरा. भाजी आणायला, सपाट रस्त्यावर, दहा-पंधरा मिनिटं. शक्य असेल तर त्या दिवशी मुलीची बिनदांड्याची सायकल घ्या. पाय उंच टाकून दांडा ओलांडणं हे पेडल मारण्यापेक्षा जास्त ओढतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. आपलीच घ्यायची असेल तर ती आडवी झुकवून पाय टाका. दुसऱ्या आठवड्यात अर्धा तास गंगापूर रोडला. तिसऱ्या आठवड्यात त्र्यंबकपर्यंत जाऊन या, चहा पिऊन, गप्पा मारत. शंभराच्या वरचं काही आणि घाटातलं उभं राहून ओढणं महिनाभराने. हे वेळापत्रक माझं आहे. काही सर्जन दहा दिवसांत मोकळं सोडतात, तुमचा सर्जन जे सांगेल ते धरा. पण त्याला ‘सायकल चालवतो’ एवढंच सांगू नका, किती आणि कशी ते सांगा. तो बिचारा दूधवालाच समजतो.

सायकलमध्येही थोडे बदल करा. हँडल बोटभर वर घ्या म्हणजे वजन मागे, बसायच्या हाडांवर येतं. सीटचं नाक वर उचललेलं असेल तर सपाट करा. सीट फार उंच असेल तर कंबर दोन्ही बाजूंना डुलते आणि सगळी घासाघीस तिथून सुरू होते. थोडी खाली घ्या, महिनाभर वेग गेला तर गेला. टायरमध्ये हवा जरा कमी. पॅडवाल्या शॉर्टच्या आत काही घालायचं नसतं हे तुम्हीच नव्या माणसाला शिकवता. या महिन्यात तो नियम मोडा, आत बिनशिवणीचा सपोर्टर घाला आणि घरी आल्या आल्या बदला. घामट शॉर्ट घालून मिसळ खायला थांबायचं नाही.

दोन-तीन आठवड्यांनी काहींना कापलेल्या टोकाशी छोटी, दुखरी गाठ लागते. शुक्राणू जरासे झिरपतात, शरीर त्याभोवती कुंपण घालतं. बहुतेकदा ती आपोआप निवते. एकदा दाखवा, मग दिवसातून दहा वेळा चाचपू नका. शंभरात एकदोघांना मात्र दुखणं महिनोन्‌महिने राहू शकतं. ते खरं असतं, त्यावर उपचार असतात, ‘मनाचे खेळ’ म्हणून कुणी परत पाठवलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

बधिरपणा हा वेगळा विषय. दोन तास सीटवर बसलं की खालचा भाग बधिर होतो, मुंग्या येतात, ते सीटमुळे. तिथून जाणारी नस आणि रक्तवाहिन्या दबतात. हे अनेकांना वर्षानुवर्षं होत असतं आणि लक्ष नसतं. ऑपरेशननंतर माणूस पहिल्यांदाच तिकडे लक्ष देऊन सायकल चालवतो आणि सगळा दोष नसबंदीवर जातो. म्हणून ऑपरेशनच्या आधीच, आत्ता, आपल्याला काय-काय होतं ते बघून ठेवा. सीट बदलायची असेल, मधे खाच असलेली घ्यायची असेल, तर तेही आधी.

आता ‘ऑपरेशनने अशक्तपणा येतो का?’ हा प्रश्न तुम्ही पाठवलेल्या चिठ्ठ्यांत तीन वेळा आलाय, अक्षर मात्र एकाचंच दिसतं. पुरुषी संप्रेरक वृषणातून थेट रक्तात जातं. ते वीर्यवाहिनीतून जातच नाही, मग वाहिनी कापून ते कमी होईल कसं? वीर्यही जवळजवळ तेवढंच राहतं, त्यात शुक्राणूंचा वाटा फार थोडा. पायातली ताकद जाते असं वाटत असेल तर तुमच्यापैकी अर्ध्यांकडे पेडलवरचा जोर मोजणारा पॉवर मीटर आहे. आधीचा आकडा आणि तीन महिन्यांनंतरचा आकडा ताडून बघा.

या गैरसमजाची किंमत कोण देतं ते सांगून टाकतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांनी स्वतःची नसबंदी करून घेतलेली होती. नवऱ्याने करून घेतलेली जोडपी ०.३ टक्के. पोटात शिरून करायचं ऑपरेशन बाईचं आणि कातडीखालचं वीस मिनिटांचं टाळलं जातं ते पुरुषाचं. ओपीडीत बाईच म्हणते, ‘त्यांना कष्टाचं काम असतं, माझंच करा.’ आणीबाणीचा धाक हे यामागचं एक कारण आहेच. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यातल्या बहुसंख्य पुरुषांच्या. आपल्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं. त्या पिढीची भीती मी समजू शकतो. पण सभागृहातली निम्मी मंडळी तेव्हा जन्मलेली नव्हती. तुम्ही घाटात ताशी साठने उतरता.

एक गोष्ट सायकलवाले हमखास विसरतात. ऑपरेशन झालं म्हणजे त्याच दिवसापासून मोकळीक नाही. कापलेल्या जागेच्या पुढे शुक्राणू शिल्लक असतात. तीन महिने दुसरं साधन वापरायचं, मग वीर्यतपासणी करायची आणि रिपोर्टमध्ये शुक्राणू नाहीत असं आल्यावरच साधन सोडायचं. तुम्ही त्या काळात कितीही किलोमीटर मारा, किलोमीटरने ती नळी साफ होत नाही. रिपोर्ट नीट आल्यानंतरही गर्भ राहण्याची शक्यता दोन हजारांत एक उरते, तेवढी जगातल्या कुठल्याच साधनात चुकत नाही.

शेवटची चिठ्ठी, ‘केव्हा करावं?’ पुरुष नसबंदीचा सरकारी पंधरवडा २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर असतो. म्हणजे नेमका तुमचा भर हंगाम, थंडी पडलेली, दर रविवारी काहीतरी राइड. त्यामुळे दरवर्षी ‘पुढच्या वेळी’ होतं. पंधरवड्याची वाट बघायची गरज नाही, ऑपरेशन एरवीही होतं. वर्षाच्या वरचं किमान एक मूल असावं एवढं बघतात. बायकोच्या सहीची सक्ती नाही, पण घरी बोलून या. जून-जुलैत करा. इगतपुरीच्या बाजूला तेव्हा असाही धबधबा कोसळत असतो, सायकली बाहेर निघत नाहीत. महिना घरात गेला तरी कुणाला कळत नाही, तपासणी सप्टेंबर-ऑक्टोबरात येते आणि पहिल्या दोनशेच्या आधी रिपोर्ट हातात असतो. नाव नोंदवायची वही बाहेर टेबलावर आहे. पेनही बांधून ठेवलंय, दरवेळी कुणीतरी घेऊन जातं.