आधी कोरं पुस्तक

नमस्कार. तुमच्यापुढे काय बोलायचं, यावरून माझी सहकारी आणि मी आठवडाभर वाद घालत होतो. तिला वाटत होतं, आपली पुस्तकं पडद्यावर दाखवावीत. मी म्हटलं, पडद्यावर गेलं की पुस्तकाचं चित्र होतं, वजन जातं, पान उलटण्याचा आवाज जातो. शेवटी तिलाही पटलं. म्हणून पुस्तकं तुमच्या रांगांमधून फिरताहेत. खुशाल हाताळा, कणा दाबून बघा, डाग पडला तरी चालेल. प्रत्येकाच्या बाकावर चार कोरे कागद, दाभण, सुई आणि दोरा आहे. ते सध्या तसंच राहू द्या.

फिरणाऱ्या पुस्तकांत आमचं एक फसलेलं पुस्तक मुद्दाम ठेवलंय. १६ पृष्ठांचं, मधल्या घडीवर शिवलेलं. त्यातलं ६-७ पृष्ठ उघडा. एका म्हातारीचा चेहरा दोन्ही पृष्ठांवर पसरलाय. मूळ चित्र अप्रतिम होतं. पुस्तकात मात्र अर्धं नाक खाली सरकलंय आणि एक गाल दुसऱ्यापेक्षा फिका आलाय. असं का झालं? या बांधणीत चार कागद दुमडून एकात एक घातलेले असतात. कागद उलगडला की एका बाजूला जी दोन पृष्ठं शेजारी येतात, त्यांच्या आकड्यांची बेरीज नेहमी १७ भरते. ६ च्या शेजारी ११, ७ च्या शेजारी १०. वाचताना ६ आणि ७ समोरासमोर दिसतात, पण छापताना ती वेगळ्या कागदांवर असतात. शाई जराशी कमीजास्त झाली, घडी केसभर हलली, की चेहरा दुभंगतो. अख्ख्या पुस्तकात मधली ८ आणि ९ एवढीच सख्खी शेजारी. चेहरा तिथे हवा होता. चित्रकाराची यात काही चूक नव्हती. कोऱ्या घड्या करून, पृष्ठांक घालून त्याच्या हातात द्यायचं काम आमचं होतं आणि ते आम्ही केलं नव्हतं. ती म्हातारी अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक चित्रकाराला आम्ही आधी कोरं पुस्तक देतो. त्यातच विचार करा, त्यातच खरडा. भिंतीवरचं चित्र एका नजरेत दिसतं. पुस्तकातलं चित्र पान उलटेपर्यंत लपलेलं असतं आणि उलटल्यावर आधीचं निघून जातं. हे आधी हाताला कळावं लागतं.

१९१७ साली इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फ आणि तिचा नवरा लेनर्ड यांनी घरात एक छोटं हातयंत्र आणलं आणि स्वतःच छपाई शिकून घेतली. त्यांच्या पहिल्याच छोट्या पुस्तकात चार काष्ठचित्रं, म्हणजे लाकडात कोरून छापलेली चित्रं होती, चित्रकार डोरा कॅरिंग्टनची. काही वर्षांपूर्वी तीही तुमच्यासारखी कलाशाळेत शिकत होती. खिळ्यांच्या, म्हणजे एकेक अक्षराच्या सुट्या ठशांच्या, छपाईशी लाकडाचा ठसा इतका का जुळतो, सांगते. इंग्रजी छापखान्यांत खिळ्याची उंची ०.९१८ इंच धरतात. ठसाही तेवढाच उंच केला, की तो अक्षरांच्या शेजारी त्याच चौकटीत बसतो आणि एकाच रुळाने दोघांवर शाई चढते. ठसा कमी पडला तर खाली कागदाचा कपटा सारायचा. चित्र आणि मजकूर एकाच दाबाखाली कागदात उतरतात. अशा पानावरून बोट फिरवलं की ते कळतं, आणि मला तरी त्याहून सुंदर काही माहीत नाही.

आता कागद. यंत्रावर कागद बनताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला लागतात. तो ग्रेन. ग्रेनच्या दिशेने घडी सरळ बसते, आडवी घातली तर जाड कागद घडीवर फुटतो. ओळखायला एक कपटा एका बाजूने ओला करा. तो गुंडाळला जाईल. जी नळी होईल, तिच्या लांबीच्या दिशेने ग्रेन. तो कण्याला समांतर हवा, नाहीतर पानं ताठ उभी राहतात आणि खळ लागली की कण्याजवळ लाटा येतात. बाकावरचे कागद आम्ही बघूनच कापलेत.

चला, घ्या ते कागद. प्रत्येक कागद मधोमध दुमडा, नखाने घडी दाबा आणि चारही एकात एक घाला. घडीवर दाभणाने तीन भोकं: एक मधे, दोन टोकांकडे. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत या. आत मधलं भोक ओलांडून थेट खालच्यातून बाहेर, आणि पुन्हा मधल्यातून आत. आता दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत. एकाच बाजूला आली असतील तर सुई टाक्याखालून पलीकडे काढा. त्या टाक्यावर गाठ मारा. घट्ट, पण कागद फाटेल इतकी नको.

झालं? आता कोपऱ्यात १ ते १६ आकडे घाला, आणि ८-९ कुठे येतात ते बघा.