अकरावा पत्ता

हौशी जादूगारांच्या दादरच्या मासिक बैठकीतील व्याख्यान

मंडळी, आजचा विषय २७ पत्त्यांचा. तिकडे येतोच, पण मागच्या बैठकीतली एक गोष्ट महिनाभर सलते आहे, ती आधी बोलतो. एका कॉलेजच्या मुलाने याच टेबलावर २१ पत्ते मांडले, तीन उभ्या ओळी, ओळीत सात. दुसऱ्यांदा पत्ते गोळा करतोय तेवढ्यात मागून आवाज आला, "अकरावा पत्ता! पुढचं दाखव." पोराने पत्ते डबीत घातले आणि जागेवर जाऊन बसला. हे आपल्या मंडळात व्हायला नको होतं.

हा प्रयोग आपण बहुतेकांनी घरीच पाहिलाय. मी पाहिला गिरगावातल्या चाळीत, गौरी-गणपतीच्या जागरणाला. रमीचा डाव मोडला की मामा चटईवर पत्ते मांडायचा, तिन्ही उभ्या ओळींत आळीपाळीने एकेक टाकत. मनात धरलेला पत्ता ज्या ओळीत असेल ती ओळ मधे ठेवून गोळा करायचा, असं तीनदा. मग मोठ्याने मोजत अकरावा पत्ता चटईवर आपटायचा. बदामाची सत्ती! माझीच! मामाने मला 'अकरा' शिकवलं. 'का' त्यालाही कुणी सांगितलं नसावं.

ते मी पुढे कागदावर आकडे मांडून काढलं. पहिल्यांदा गोळा केल्यावर आपला पत्ता आठ ते चौदामधे असतो. पुन्हा मांडला की त्याच्या ओळीत तो तिसरा, चौथा किंवा पाचवा येतो. ती ओळ मधे घेतली की तो दहावा, अकरावा किंवा बारावा. आणि तिसऱ्यांदा मांडताना हे तिन्ही पत्ते मधल्या, चौथ्या आडव्या ओळीतच पडतात, प्रत्येक उभ्या ओळीत एक. म्हणजे समोरच्याने ओळ दाखवली त्या क्षणी आपल्याला पत्ता कळलेला असतो. तिसऱ्यांदा गोळा करायची गरजच नाही!

विरार लोकलमधे आमचा पत्त्यांचा ग्रुप होता, गुडघ्यांवर ब्रीफकेस आडवी टाकून खेळायचो. वसईचे एक काका म्हणाले, "हे मला येतं, अकरावा." म्हटलं, बघा तर खरं. तिसऱ्यांदा त्यांनी ओळ दाखवली, मी सगळे पत्ते एकत्र लोटले आणि त्यांच्याच हातात दिले, "पिसा." काकांनी बोरिवली येईपर्यंत पिसले. मग मी म्हटलं, "किलवरचा गुलाम." काका पत्ते उलटसुलट करून बघायला लागले. अकरावा पत्ता माहीत होता म्हणूनच ते चकले, बाकीच्यांपेक्षा जास्त. जुना प्रयोग टाकून देऊ नका, तो खालून उघडून बघा, एवढंच मला सांगायचं आहे.

रखवालदार दारात आलाय, सात मिनिटं आहेत. तर २७ पत्ते, तीन ओळी, ओळीत नऊ. इथे पत्ता समोरचा म्हणेल त्या जागी आणायचा. फ्रेंच गणिती गेर्गोन यांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीला याचं गणित मांडलं. सांगितलेल्या आकड्यातून एक वजा करा. उरलेल्यात नऊ किती, मग तीन किती, मग सुटे किती, ते काढा. गोळा करताना क्रम उलटा, आधी सुटे, मग तीन, शेवटी नऊ. जो अंक येईल तितक्या ओळी आपल्या ओळीच्या वर ठेवायच्या. 'वर' म्हणजे पालथ्या गठ्ठ्यात वर. पत्ते उताणे उचलत असाल तर नेमकं उलट होतं, आणि चूक इथेच होते.

कुणीतरी आकडा सांगा. वीस? एक गेला, एकोणीस. नऊ दोनदा, तीन शून्य, सुटा एक. म्हणजे पहिल्यांदा ओळ मधे, दुसऱ्यांदा सगळ्यात वर, तिसऱ्यांदा सगळ्यात खाली. एवढंच.

मागच्या वेळी बसलेला तो मुलगा आलाय ना? ये रे, पुढे ये. पत्ते तू मांड.