कुरणात भरलेली शाळा

डहाणू तालुक्यातला हा वारल्यांचा मुलूख. सकाळी गुरं सुटायची आणि पोरं त्यांच्यामागे रानात. मोठ्या मुली घरीच, कडेवर धाकटं भावंड. अशा ठिकाणी शाळेची घंटा वाजवून येणार कोण?

1945 साली ताराबाई मोडक याच तालुक्यातल्या बोर्डी गावी आल्या. गुजरातेत भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं मोठं काम केलं होतं. इथे बालवाडी काढली, पण वस्तीतली मुलं तिथवर येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली, घरापुढच्या अंगणात. म्हणून ती अंगणवाडी. आज देशभर गावोगावच्या पाट्यांवर आपण वाचतो, तो शब्द इथला आहे.

आधी मुलांना आंघोळ, वेणीफणी, मग गाणी. माँटेसरीची महागडी साधनं इथे कुठून आणायची? चिंचोके, शिंपले, खडे, झाडाची पानं. मोजायला, लावायला, ओळखायला हेच.

या कामात ताराबाईंच्या जोडीला अनुताई वाघ होत्या. जन्म 1910 चा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्या काळात अशा मुलीचं पुढचं आयुष्य माजघरातच सरायचं. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्यातली नोकरी सोडून इथे आल्या. शिकायला मिळालं की माणसाचं काय होतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आलं. गुराखी मुलं शाळेत येत नाहीत ना? मग शाळा कुरणात जाईल! गुरं चरतायत आणि झाडाखाली धडे चाललेत. हीच कुरणशाळा. मुलाला त्याच्या कामाबद्दल दोष न देता त्या कामाच्या शेजारी जाऊन बसणं, याइतका आदर मला दुसऱ्या कुठल्या शाळेत दिसलेला नाही.

तरी मोठ्या बहिणी राहिल्याच होत्या. त्यांची अडचण होती कडेवरचं मूल. त्यासाठी विकासवाडी उभी राहिली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच आवारात. बहिणीने यायचं ते भावंडाला घेऊनच. धाकटं पाळणाघरात ठेवायचं. ते रडलं तर हाकेच्या अंतरावर.

आणि मोकळ्या हातांनी पाटी घेऊन वर्गात बसायचं.