दातांच्या डॉक्टरकडे सापडलेली मावशी

नमस्कार. मला विषय दिलाय कादंबरी लिहिताना आलेल्या विलक्षण योगायोगांचा, आणि खरं सांगू का, तीन वर्षं मी हे किस्से चारचौघांत इतके रंगवून सांगितलेत की आता त्यातलं खरं किती हे आधी मलाच तपासावं लागलं.

माझी कादंबरी अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींवर नाही. ती आहे थिओडिशिया कारपेंटर या बाईंवर. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या, घरसंसार सांभाळणाऱ्या. 1880 च्या सुमारास या बाई दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या, हाताला लागलं एक मिशनरी मासिक, त्यात गोपाळराव जोशींचं पत्र छापलेलं, बायकोला शिकवायचंय, अमेरिकेत काही सोय होईल का म्हणून. मासिकवाल्यांचा सूर असा की आधी ख्रिस्ती व्हा. बाईंनी ते सोडलं आणि सरळ आनंदीबाईंना पत्र घातलं. पुढे तीन वर्षं पत्रं चालू, आणि 1883 मध्ये आनंदीबाई बोटीने गेल्या त्या याच बाईंच्या घरी. पत्रात त्या बाईंना 'आँट' म्हणायच्या. आता इंग्रजीत मावशी, आत्या, काकू सगळ्या एकाच पोत्यात, मी आपली मावशी करून टाकली.

तर माझा पहिला किस्सा. रूट कॅनालसाठी बसलेय, गाल हा एवढा सुजलाय, दुखण्यावरून लक्ष उडावं म्हणून मोबाईलवर आनंदीबाईंचं एक जुनं चरित्र चाळतेय आणि नेमकी हीच दवाखान्याची गोष्ट समोर आली. काटा आला अंगावर. रिसेप्शनवरच्या मुलीने दोनदा नाव पुकारलं, मला ऐकूच गेलं नाही. त्या खुर्चीतच ठरलं की पुस्तक या बाईंवर लिहायचं.

दुसरा किस्सा, आनंदीबाईंच्या मृत्यूचं प्रकरण लिहून संपवलं, रात्री सहज कॅलेंडर बघितलं तर 26 फेब्रुवारी. 1887 साली पुण्यात त्या गेल्या ती हीच तारीख, बावीस पूर्ण व्हायला महिना राहिला होता. मी रडले, घरच्यांना उठवून सांगितलं. नंतर डोकं थंड झाल्यावर माझ्या वहीतल्या तारखा मोजल्या. जन्म, मृत्यू, बोट सुटली, डिग्री मिळाली, असं सगळं धरून बहात्तर. म्हणजे वर्षातल्या दर पाचव्या दिवशी माझ्याकडे काही ना काही घडलेलं असणारच! उरलेले चार दिवस मी कॅलेंडरकडे बघून कधी कुणाला उठवलं नाही.

तिसरा मात्र मला वाटलं, पक्का. आनंदीबाईंची रक्षा कारपेंटरबाईंकडे पाठवली होती, त्यांनी ती न्यू यॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावात आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीतल्या जागेत पुरली. मी नकाशात ते गाव शोधत होते, त्याच आठवड्यात भाचीचा फोन, मावशी आम्ही शिफ्ट झालो, कुठे, तर पकीप्सीला. आता बोला! मग कळलं, तिथे आयबीएमचा 1941 पासूनचा मोठा कारखाना आहे, आणि भाची-जावई दोघं सॉफ्टवेअरवाले. जातील कुठे? पण भाची गेली हो शोधत, थंडीत, दगडाचा फोटो पाठवला. त्यावर कोरलंय की शिक्षणासाठी भारत सोडणारी ही पहिली ब्राह्मण स्त्री. फोटोच्या खालच्या कडेला भाचीच्या बुटाचं टोक आलंय, तो फोटो अजून माझ्या टेबलावर आहे.

गंमत पुढे आहे. संपादकांनी हस्तलिखित वाचलं आणि म्हणाले, बाकी छान, फक्त ते दातांच्या डॉक्टरचं काढा, फार फिल्मी वाटतं. मी रचलेली भांडणं, स्वप्नं, स्वयंपाकघरातले संवाद सगळं बिनतक्रार पास आणि जे खरं घडलं तेवढंच खटकलं! आठ दिवस वाद घातला. शेवटी तो प्रसंग शंभराव्या पानावरून उचलून पहिल्या पानावर आणला. तिथे कुणाला खटकला नाही, सुरुवातीचा योगायोग वाचक उदार मनाने घेतो, अडलेल्या गोष्टीला तोच धक्का द्यायला आला की मात्र लेखकाला आळशी म्हणतो.

दात कुठला दुखत होता ते मला कुठेच सापडलं नाही, तेवढं मनाने घातलंय. वरची डावी दाढ. माझी तीच होती.