दुरुस्ती : खोडलेले आणि राखलेले

(दृश्य : हस्तलिखित सातबारा उतारा. कॅमेरा नावांच्या रकान्याजवळ जातो.)

आपल्या समोर आहे तो एका शेतजमिनीचा हाताने लिहिलेला सातबारा. भोगवटादाराच्या रकान्यात एकाखाली एक नावे आहेत आणि वरच्या काही नावांना कंस केलेला आहे. जमीन विकली गेली, वाटणी झाली किंवा खातेदार मयत होऊन वारस लागले, की तलाठी प्रथम गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घालतो. संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी मुदत दिली जाते, आणि मंडळ अधिकाऱ्याने ती नोंद प्रमाणित केल्यावरच जुन्या नावाला कंस होऊन नवे नाव लागते. जुने नाव पुसायचे नसते, शाईने गिरगटायचेही नसते. ते कंसात राहूनही वाचता येते, आणि फेरफार क्रमांकाच्या आधारे ते कोणत्या व्यवहाराने कंसात गेले, याचा माग पुढच्या पिढीलाही काढता येतो.

याच कागदावर आणखी एक दुरुस्ती होते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 यातील कलम 155 लेखनप्रमादाविषयी आहे. क्षेत्राचा आकडा लिहिताना चुकला, आडनावातले अक्षर बदलले, एका हिस्सेदाराचे नाव उतरवायचे राहिले, अशा चुकांसाठी ते आहे. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवले गेले तेव्हा अशा चुका ठिकठिकाणी झाल्या, आणि अनेक शेतकऱ्यांना तहसील कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. अशा अर्जासोबत जुना हस्तलिखित उतारा आणि मूळ फेरफाराची नक्कल मागितली जाते, कारण मूळ नोंदीशी ताडून पाहिल्याशिवाय चूक कोणती आणि बरोबर कोणते, हे कोणालाच सांगता येत नाही. कुळकायद्याच्या काळातला एक पिवळा पडलेला कागद जपून ठेवणाऱ्या घराला त्याची किंमत अशा वेळी कळते.

दुरुस्ती अनेक क्षेत्रांत होते, पण दुरुस्तीनंतर जुन्याचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक क्षेत्राने वेगळ्या रीतीने सोडवला आहे. त्या क्षेत्राचा प्रामाणिकपणा याच उत्तरावरून पारखावा, असे आम्हाला वाटते.

(दृश्य : खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांची, जुळणी, तपासलेले प्रूफ, पुस्तकाच्या शेवटचे शुद्धिपत्र.)

छापखान्यात मुद्रितशोधकाची खूण समासात पडते, जुळारी खिळा बदलतो आणि वाचकाच्या हाती फक्त शुद्ध पान येते. येथे चूक नाहीशी होते, आणि तसेच व्हायला हवे. मात्र फॉर्म, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा संच, छापून झाल्यावर लक्षात आलेली चूक शुद्धिपत्रात जाते, आणि तेथे पृष्ठ, ओळ, अशुद्ध आणि शुद्ध असे रकाने पाडून ती उघडपणे मांडली जाते.

कायद्याला तर चूक नाहीशी करण्याची मुभाच नाही. भारतीय संविधानाची अधिकृत प्रत उघडली, तर उद्देशिकेतील ‘सार्वभौम समाजवादी धर्मनिरपेक्ष लोकशाही गणराज्य’ या शब्दांवर तळटीपेचा अंक दिसतो. ते शब्द 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले आणि 3 जानेवारी 1977 पासून अमलात आले, हे त्या तळटीपेत लिहिलेले आहे, आणि त्यापूर्वीचे मूळ शब्द कोणते होते हेही. अनुच्छेद 368 ने संसदेला दुरुस्तीचा अधिकार दिला, परंतु संविधानाची मूलभूत चौकट त्या अधिकाराने मोडता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 24 एप्रिल 1973 रोजी केशवानंद भारती खटल्यात ठरवले. दुरुस्ती किती दूर जाऊ शकते, याची मर्यादा दुरुस्त होणाऱ्या वस्तूनेच घालून द्यावी, हे त्या निकालाचे मर्म आहे.

शेअर बाजारातही निर्देशांक अलीकडच्या उच्चांकावरून दहा टक्के किंवा अधिक घसरला, की त्याला करेक्शन म्हणण्याची पद्धत आहे. आधीचा भाव चुकीचा होता हे ताडून पाहण्यासाठी तेथे कोणतीही मूळ प्रत नसते, म्हणून या घसरणीला दुरुस्ती मानायला आमचे मन तयार होत नाही.

(दृश्य : डीएनएच्या दोन धाग्यांचे रेखाटन.)

सजीव पेशीला मात्र मूळ प्रत लागतेच. डीएनएची नक्कल करणारे विकर (एन्झाइम) साधारण लाखात एखादे अक्षर चुकीचे लावते, त्यातील बहुतेक चुका ते स्वतःच मागे येऊन काढते, आणि तरीही काही उरतात. उरलेली चूक म्हणजे समोरासमोरच्या दोन धाग्यांवरील न जुळणारी जोडी. पण दोघांपैकी चुकले कोण? ई. कोलाय या जिवाणूत जुन्या धाग्यावर ठरावीक ठिकाणी मिथाइल गटांच्या खुणा असतात आणि नुकत्याच तयार झालेल्या धाग्यावर त्या थोडा वेळ उमटलेल्या नसतात. दुरुस्ती करणारी प्रथिने तेवढ्या अवधीत खूण नसलेला धागा ओळखतात, तो कापतात आणि जुन्याबरहुकूम पुन्हा भरतात. ही यंत्रणा उलगडणारे पॉल मॉडरिच यांना 2015 चे रसायनशास्त्राचे नोबेल टॉमस लिंडाल आणि अझीझ सँकार यांच्यासह मिळाले.

(दृश्य : मुरूडजवळचे नांदगाव, समुद्रकिनारा, रात्रीचे आकाश.)

कोकणातील या नांदगावात गणेश दैवज्ञ यांनी शके 1442 मध्ये, म्हणजे 1520 च्या सुमारास, ‘ग्रहलाघव’ रचले. जुन्या ग्रंथांवरून काढलेली ग्रहांची स्थाने प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नाहीत हे त्यांना दिसत होते, म्हणून ज्या ग्रहासाठी ज्या ग्रंथाचे गणित आकाशाशी जुळले ते त्यांनी घेतले आणि गरज पडली तेथे फरक केला. आपल्या ज्योतिर्गणितात अशा दुरुस्तीला बीजसंस्कार म्हणतात, आणि गणित डोळ्यांना पटले पाहिजे या कसोटीला दृक्प्रत्यय. तीनशे वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राची पंचांगे याच ग्रंथावर चालली, आणि तेवढ्या काळात त्याच्याही गणितात फरक साचत गेला. केरो लक्ष्मण छत्रे यांनी 1860 मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि त्यावर आधारलेले पटवर्धनी पंचांग 1865 पासून निघू लागले.

पुढचा वाद आरंभबिंदूचा होता. राशिचक्राची मोजणी रेवती नक्षत्रातल्या एका ताऱ्यापासून धरायची, की चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरून, यावर जाणकारांत एकमत झाले नाही. लोकमान्य टिळक हे छत्र्यांचेच विद्यार्थी. त्यांच्या नावाने चालणारे पंचांग रेवतीपक्षाचे आहे, त्यामुळे एखाद्या वर्षी त्याचा अधिक महिना इतर पंचांगांहून वेगळा येतो आणि काही घरांत गणपती महिनाभर आधी किंवा नंतर बसतात. आकाशाविषयी या दोन पक्षांचे दुमत नाही. मोजायला कोठून सुरुवात करायची, एवढ्याच बाबतीत ते वेगळे आहेत. युरोपात मात्र दुरुस्ती एका आज्ञेने झाली आणि 1582 मध्ये 4 ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी रोममध्ये 15 ऑक्टोबर उजाडला.

(दृश्य : हिंगणघाट. त्यानंतर लोखंडी साखळी आणि कोन मोजणारे थिओडोलाइट.)

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे 20 जानेवारी 1823 रोजी विल्यम लॅम्ब्टन यांचा मृत्यू झाला. 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा, म्हणजे पुढच्या सगळ्या त्रिकोणांचा आधार असलेली पहिली रेषा, मोजून त्यांनी भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला होता. शंभर फुटी पोलादी साखळी लाकडी पेट्यांत ताणून ठेवत, तिच्याजवळ तापमापक ठेवत आणि दर वेळी तापमान टिपत, कारण ऊन वाढले की पोलाद प्रसरण पावते आणि तीच जमीन कमी भरते. साखळीने दाखवलेला आकडा एका रकान्यात, तापमानाची दुरुस्ती दुसऱ्यात, चढाची आणि समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची आणखी पुढे. मोजणीच्या फील्डबुकात आजही आकडा खोडरबराने पुसत नाहीत. चुकला तर त्यावर एक रेघ मारून वर नवा लिहितात.

या शिस्तीचे फळ लॅम्ब्टन यांच्यानंतर मिळाले. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी मध्य भारतातील कल्याणपूर आणि हिमालयाच्या पायथ्याजवळील मैदानातील कलियाना या सुमारे 600 किलोमीटर अंतरावरील ठाण्यांचे अक्षांश दोन रीतींनी काढले, एकदा जमिनीवरच्या त्रिकोणांवरून आणि एकदा ताऱ्यांवरून. दोन्ही उत्तरांत 5.236 विकलांची (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) तफावत आली, जमिनीवर सुमारे 160 मीटरची. ती मोजणीत साचलेल्या चुकांमुळे आली असावी, असे एव्हरेस्ट यांना वाटले. कलकत्त्याचे आर्चडीकन, म्हणजे ख्रिस्ती धर्माधिकारी, जॉन प्रॅट यांनी वेगळा विचार केला. हिमालयाचे वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढत असेल, तर ताऱ्यांवरून काढलेला अक्षांश चुकणारच, कारण त्यासाठी उभी दिशा ओळंब्यावरूनच ठरते. हा ओढा किती, याचे गणित त्यांनी केले आणि 1855 मध्ये प्रसिद्ध केले. हिशेबाप्रमाणे फरक 15.885 विकला यायला हवा होता, म्हणजे प्रत्यक्ष तफावतीच्या जवळजवळ तिप्पट.

दुरुस्ती चुकीपेक्षाही मोठी निघाली, आणि तिने नवा प्रश्न उभा केला, की एवढा मोठा पर्वत इतका कमी का ओढतो. त्याच वर्षी इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी उत्तर सुचवले. पर्वताखाली हलक्या खडकाचे खोल मूळ असावे आणि ते खालच्या जड थरात तरंगत असावे. पृथ्वीच्या कवचाचा समतोल सांगणारी ही कल्पना भूगर्भशास्त्रात आजही उभी आहे. एव्हरेस्ट यांच्या कागदांत ते 5.236 विकला दोन उत्तरांची सरासरी काढून मिटवले गेले असते, तर प्रॅट यांना आपले गणित ताडून पाहायला काहीच उरले नसते.