मत कुणाचं, कशावर आणि कधी

मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या, म्हणजे ज्याचं कोड सर्वांना खुलं असतं अशा प्रकल्पाच्या, तांत्रिक समितीचे नियम लिहायला बसलं की पहिल्याच तासात चर्चा मतमोजणीच्या पद्धतीवर जाते. साधं बहुमत ठेवायचं की दोन तृतीयांश, एक मत की पसंतीक्रम. प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो सगळ्यात शेवटी सोडवायचा आहे. माझ्या मते समित्या मोडतात त्या आधीच्या तीन गोष्टी न लिहिल्यामुळे: मतपत्रिकेवर काय असेल हे कोण ठरवणार, मतदान कधी पुकारता येणार, आणि 'बहुमत' म्हणजे नेमकं कशाचं बहुमत.

डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाचं उदाहरण घेऊ. संगणक सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम, म्हणजे इनिट, कोणता ठेवायचा हा प्रश्न तिथल्या तांत्रिक समितीपुढे आला. समितीत आठ सदस्य होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये सिस्टिमडी आणि अपस्टार्ट या दोन इनिटांना चार-चार मतं पडली, आणि अध्यक्षांनी निर्णायक मत वापरून सिस्टिमडी निवडलं. बाहेर गाजली ती ही बरोबरी. पण त्याआधीचे काही आठवडे समितीत वाद चालला होता तो मतपत्रिकेवरच. इनिट कोणतं हा एक प्रश्न, आणि पॅकेजांना, म्हणजे वापरायला तयार करून दिलेल्या सॉफ्टवेअरांना, एकाच इनिटवर अवलंबून राहू द्यायचं का हा दुसरा. दोन्ही एका मतपत्रिकेत घ्यायचे की वेगळे? एकत्र घेतले तर पर्यायांच्या जोड्या तयार होतात, आणि सदस्याला नावडती अट गिळून आवडतं इनिट निवडावं लागतं. वेगळे घेतले तर कोणता आधी घेतला यावर दुसऱ्याचं उत्तर फिरू शकतं. पुढे जानेवारी २०२२ मध्ये डेबियनने सर्व विकासकांचं सर्वसाधारण मतदान घेऊन ठरावाची प्रक्रियाच नव्याने लिहिली आणि चर्चेच्या मुदती नियमातच बांधल्या.

तेव्हा मतपत्रिकेचा नियम आधी लिहा, आणि तो तपशिलात लिहा. ठराव मांडल्यावर किमान सात दिवस चर्चा. या काळात कुठल्याही सदस्याला स्वतःचा पर्याय जोडता आला पाहिजे. त्यासाठी मूळ ठराव मांडणाऱ्याची परवानगी लागता कामा नये. पर्याय म्हणजे दोन शब्दांचं शीर्षक नव्हे, अमलात आणता येईल असा पूर्ण मजकूर. मजकूर बदलला तर मुदत थोडी वाढावी, पण एकूण तीन आठवड्यांच्या वर जाऊ नये, नाहीतर दर सहाव्या दिवशी एक स्वल्पविराम बदलून मतदान कायमचं टाळता येतं. शेवटचे चोवीस तास मजकूर गोठवलेला असावा. आणि 'यांपैकी एकही नाही' हा पर्याय प्रत्येक मतपत्रिकेवर हवाच. तो नसेल तर दोन वाईट पर्यायांतला कमी वाईट पर्याय समितीचं मत म्हणून नोंदला जातो.

आता 'कशाचं बहुमत'. सात जणांची समिती आहे. दोघं आलेच नाहीत, एक तटस्थ राहिला, तिघं बाजूने, एक विरोधात. ठराव मंजूर झाला का? पडलेल्या मतांचं बहुमत म्हणाल तर चारपैकी तीन, मंजूर. एकूण जागांचं बहुमत म्हणाल तर चार मतं हवी होती, नामंजूर. हजर असलेल्यांचं दोन तृतीयांश म्हणाल तर पाच जणांत चार लागतात, पुन्हा नामंजूर. नियमात नुसतं 'बहुमताने' लिहिलं असेल तर हा हिशेब भांडण पेटल्यावर होतो, आणि तेव्हा प्रत्येक जण आपल्याला सोयीची व्याख्या खरी मानतो. 'तीनास एक' असं प्रमाण लिहितानाही जपा. 'तीन पटीहून जास्त' लिहिलंत तर आठ जणांत सहा विरुद्ध दोन अपुरे ठरतात, सात विरुद्ध एक लागतो. 'किमान तीन पट' लिहिलंत तर सहा-दोन पुरतो. एका शब्दाने एक मत फिरतं.

गणपूर्तीतही, म्हणजे निर्णय वैध ठरायला लागणाऱ्या किमान सहभागातही, एक खड्डा आहे. 'मतदानात किमान पाच जणांनी भाग घ्यावा' असा नियम केला की विरोधकाला कळतं, विरोधी मत देण्यापेक्षा घरी बसणं जास्त परिणामकारक आहे. त्याचं विरोधी मतच ठरावाची गणपूर्ती करून देतं. डेबियनच्या घटनेत यावर चांगला तोडगा आहे: तिथे गणपूर्ती हजेरीवर मोजत नाहीत, पर्यायावर मोजतात. 'यांपैकी एकही नाही'च्या वर त्या पर्यायाला ठेवणारी मतं किती, ते पाहतात. मग विरोधकाच्या येण्याने ठरावाला मदत होत नाही. सर्वसाधारण मतदानासाठी हा आकडा विकासकांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या निम्म्याची तिप्पट असतो. हजार विकासक असतील तर साधारण ४८. प्रकल्प वाढला तरी आकडा आवाक्यात राहतो.

मोजणीची पद्धत आता घेऊ, कारण तीन पर्याय आले की साधं मतदान सरळ फसवतं. जुना इंटरफेस, म्हणजे इतर प्रोग्रॅम ज्यातून आपलं कोड वापरतात तो भाग, काढायचा का, यावर नऊ जण मत देत आहेत. क: आहे तसा ठेवा. ख: एका आवृत्तीत इशारा द्या, पुढच्या आवृत्तीत काढा. ग: आत्ताच काढा. चौघांचा क्रम क, ख, ग. तिघांचा ग, ख, क. दोघांचा ख, ग, क. पहिली पसंती मोजली तर क चार मतांनी जिंकतो. पण जोडीजोडीने पाहा. क आणि ख यांत पाच जणांना ख हवा आहे. क आणि ग यांत पाच जणांना ग हवा आहे. म्हणजे साध्या मोजणीने निवडला तो पर्याय समोरासमोर दोघांकडूनही हरतो! ख दोघांनाही हरवतो, 'ग'ला तर सहा विरुद्ध तीन. तांत्रिक वादांत मधला मार्ग बहुतेकांचा दुसरा पसंतीक्रम असतो, म्हणून इथे पसंतीक्रम मागणारी आणि जोडीने तुलना करणारी कोंडोर्से पद्धतच मी सुचवीन. क्वचित चक्र होतं, 'क' हरवतो 'ख'ला, 'ख' 'ग'ला, 'ग' 'क'ला. ते सोडवण्याची रीत, उदाहरणार्थ शुल्झे पद्धत, नावानिशी नियमात लिहा आणि मोजणीचा प्रोग्रॅम सर्वांना चालवून पाहता येऊ द्या.

रोजच्या कामाला मात्र यातलं काहीच लागू नये. अनेक मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प सांभाळणाऱ्या अपाची फाउंडेशनच्या प्रकल्पांत मौन म्हणजे संमती धरतात, सहसा किमान ७२ तास वाट पाहून. जगाच्या सगळ्या वेळपट्ट्यांतल्या माणसाला एकदा तरी वाचायला वेळ मिळावा म्हणून. कोडमधल्या बदलावर तिथे नकाराधिकार आहे, पण तांत्रिक कारण दिलं तरच तो ग्राह्य. नव्या आवृत्तीच्या प्रकाशनावर नकाराधिकार नाही: किमान तीन होकार, आणि नकारांपेक्षा होकार जास्त. ही विभागणी शहाणपणाची आहे. बदल अडवला तर मागचं कोड जागेवर असतं, पण प्रकाशन अडवलं तर झालेल्या दुरुस्त्याही वापरणाऱ्यांपर्यंत पोचत नाहीत.

समितीत कोण, हा प्रश्न पगाराशी येऊन भिडतोच. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मूळ निर्मात्याने २०१८ मध्ये अंतिम निर्णयाचा अधिकार सोडल्यावर जे पाच जणांचं मंडळ आलं, त्यात एकाच कंपनीचे दोनाहून जास्त सदस्य असू शकत नाहीत. अनेक सर्व्हरांवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या कुबरनेटीसच्या सुकाणू समितीत ही मर्यादा एक तृतीयांश, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या तांत्रिक समितीत एक चतुर्थांश. नियमात हेही लिहा की मुदतीच्या मधे कुणी नोकरी बदलली आणि मर्यादा ओलांडली गेली तर किती दिवसांत कोण पायउतार होणार. तसंच, ज्या पॅचवरून, म्हणजे कोडमधल्या सुचवलेल्या बदलावरून, वाद आहे तो लिहिणारा सदस्य त्या मतदानात नसावा. आणि विषम संख्येने बरोबरी टळते या भरवशावर राहू नका. सातातला एक बाजूला झाला की सहा उरतात. निर्णायक मत कुणाचं, ते लिहिलेलंच हवं.

समितीला निवडणारे मतदार कोण, हे मशिनने मोजता येईल असं ठरवा. व्हिडिओ-ऑडिओ हाताळणाऱ्या एफएफएमपेग प्रकल्पात गेल्या ३६ महिन्यांत मुख्य रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) २० हून अधिक पॅच असलेले लोक मतदार धरले जातात. यात उणीव आहे: दस्तावेज लिहिणारे, बग तपासणारे यातून सुटतात, त्यांच्यासाठी वेगळी वाट ठेवावी लागते. पण यादी बनवणाऱ्याच्या मर्जीला जागा राहत नाही, हा फायदा मला मोठा वाटतो.

श्रोत्यांतून प्रश्न आला आहे की तीन मेंटेनरांच्या (प्रकल्प सांभाळणाऱ्यांच्या) छोट्या प्रकल्पाला यातलं किती लागतं. अर्धं पान पुरे. ७२ तासांचं मौन म्हणजे संमती. तिघांत दोन मतांनी निर्णय. सहा महिने ज्याचा पत्ता नाही तो आपोआप बिनमताचा, परतला की पुन्हा मताचा. आणि किल्ल्या: रिपॉझिटरीचे प्रशासकीय हक्क, डोमेनची नोंदणी, पॅकेज प्रकाशित करण्याचं खातं, आवृत्तीवर डिजिटल सही करायची किल्ली. यांतली प्रत्येक गोष्ट किमान दोघांकडे आहे का, ते आज घरी गेल्यावर तपासा. ती एकट्याकडेच असेल आणि मत दोन विरुद्ध एक असं त्याच्याविरुद्ध गेलं, तर तो निर्णय अमलात आणायला उरलेल्या दोघांच्या हातात काहीच नसतं.