दार लावण्यापूर्वी

(दृश्य: निफाड तालुक्यातील द्राक्षबाग. पहाटेचे पाच. ओळींच्या कडेने पेटलेल्या शेकोट्या.)

नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या द्राक्षपट्ट्यात डिसेंबर-जानेवारीतील काही रात्री थंडी अक्षरशः मी म्हणते आणि पारा 5 अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेला आकडा सकाळच्या बातम्यांत येतो, परंतु बागाईतदाराला तो पाहावा लागत नाही; घडांची फुगवण थांबेल, मण्यांना तडे जातील या धास्तीने तो रात्रीपासूनच बागेत असतो, जागोजागी शेकोट्या पेटवून धूर करतो आणि पहाटे ठिबकने पाणी सोडतो, कारण विहिरीचे पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असते.

बागेतील या आगीच्या डोक्यावर मोकळे आकाश असते. त्याच शेकोटीतले निखारे पाटीत किंवा शेगडीत भरून घरात आणले जातात, दार लावले जाते आणि खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या जातात, तेव्हा मात्र गोष्ट पालटते. महाराष्ट्रातील घरांत हिवाळ्याने घडणाऱ्या अपघातांकडे पाहिले तर असे वाटते की थंडीपेक्षा थंडी अडवण्याची आपली घाईच अधिक घातक आहे. हा माहितीपट त्या बंद दारामागच्या खोलीविषयी आहे.

(दृश्य: खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेली शेगडी. लालबुंद, धूर नसलेले निखारे.)

निखारे चांगले फुलले, धूर निघून गेला, आता शेगडी आत घ्यायला हरकत नाही, असे घरोघरी म्हटले जाते. ही समजूत चुकीची आहे. धूर डोळ्यांना झोंबतो, खोकला आणतो आणि माणसाला बाहेर पळवतो, म्हणजे एका अर्थाने तो सावध तरी करतो. धूर संपल्यानंतर धुमसत राहिलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतच असतो आणि त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा या वायूची ओढ दोनशे पटींहून अधिक असते. त्यामुळे हवेत त्याचे प्रमाण अल्प असले तरी तो रक्तातील जागा अडवून बसतो आणि श्वास सुरू असूनही मेंदूला व हृदयाला प्राणवायू पोहोचत नाही. राखेखाली झाकलेले निखारेही निर्धोक नसतात, कारण ते मंदपणे जळत असतात आणि अपुऱ्या हवेतील मंद ज्वलनातूनच हा वायू अधिक तयार होतो. तो हवेपेक्षा किंचित हलका असून हवेत सहज मिसळतो. म्हणून खाटेवर निजले काय आणि जमिनीवर निजले काय, फरक पडत नाही.

सुरुवातीला डोके जड होते, चक्कर येते, मळमळते. जागा माणूस हे पित्त समजतो, झोपलेल्याला तर तेही कळत नाही. एकाच खोलीतील दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि बाहेर अंगणात आल्यावर बरे वाटले, तर तो योगायोग मानू नये.

(दृश्य: जुन्या वाड्याचे परस. तांब्याचा बंब, त्याच्या धुराड्यातून निघणारा धूर. त्यानंतर फ्लॅटमधील न्हाणीघर.)

आंघोळीच्या पाण्याची कथा यापेक्षा फार वेगळी नाही. मधोमध नळकांडे, खाली जाळी, वर धुराडे आणि बाजूला तोटी असलेला तांब्याचा बंब जुन्या घरांत परसात किंवा पडवीत पेटत असे. कढत पाणी बादलीने आत जाई आणि घंगाळात विसावले जाई. आग बाहेर आणि पाणी आत ही ती व्यवस्था होती. बंब पुन्हा आणावेत असे कोणी म्हणणार नाही, लाकडे तोडून डोळे चोळत बसण्याची हौस आता कोणालाच उरलेली नाही. परंतु गॅस गीझर आला तेव्हा ही व्यवस्था नकळत उलटली आणि चार-सहा फुटांच्या बंद न्हाणीघरात, भिंतीवर, माणसाच्या डोक्याजवळ आग आली.

गॅस जळताना हवेतील प्राणवायू खर्च होतो. लहानशा खोलीत तो झपाट्याने कमी होतो, निळी ज्योत पिवळी पडू लागते आणि अपुऱ्या ज्वलनातून तोच कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. वाफेने कोंदलेल्या खोलीत माणूस कोसळतो, कधी त्याला झटके येतात आणि घरच्यांना फिट आल्यासारखे वाटते. भारतीय मज्जाविकारतज्ज्ञांनी अशा रुग्णांची वर्णने 'गॅस गीझर सिंड्रोम' या नावाने केली आहेत. गीझर न्हाणीघराच्या बाहेर, हवेशीर जागी बसवणे आणि नळाने केवळ पाणी आत घेणे, हा यावरचा खरा उपाय आहे. ते होईपर्यंत बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, दार उघडून हवा खेळू द्यावी आणि मगच आंघोळीला आत जावे.

येथे आपले नाकही आपल्याला फसवते. सिलिंडरमधील गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. गळती झाली तर ती जाणवते आणि 1906 या क्रमांकावर कळवता येते. त्या सवयीमुळे वास नाही म्हणजे गॅस नाही, असे मनात पक्के बसलेले असते.

(दृश्य: उघडलेले दार, अंगणात आणून निजवलेला माणूस, येणारी रुग्णवाहिका.)

बंद खोलीत कोणी बेशुद्ध आढळल्यास आधी दारे-खिडक्या उघडाव्यात, त्या व्यक्तीला ओढून का होईना, मोकळ्या हवेत आणावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मदतीला गेलेल्याने आत थांबू नये. करोनाच्या काळापासून अनेक घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे, पण या प्रसंगी तो पाहून निश्चिंत होण्यासारखी दुसरी चूक नाही. कार्बन मोनॉक्साइडने अडवलेले हिमोग्लोबिन त्या यंत्राला प्राणवायूने भरल्यासारखेच दिसते आणि आकडा 98 दाखवला जातो. डॉक्टरांना शेगडीचे किंवा गीझरचे नाव आवर्जून सांगावे. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्मे होण्यास चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास साधारण सव्वा ते दीड तासात ते निम्म्यावर येते.

(दृश्य: गोधडीत गुरफटलेली आजी. दुसऱ्या खोलीत बाळंतीण.)

शेगडी बाहेर ठेवली तर ऊब कशी मिळणार, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे अर्धे उत्तर आपल्या गोधडीत आहे. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून घातलेल्या टाक्यांच्या मध्ये हवा अडकून राहते आणि अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे अधिक उबदार वाटतात, तेही याच कारणाने. नवजात बाळाला डोक्यावर टोपी घालून आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवणे हा कोणत्याही शेगडीपेक्षा सुरक्षित उपाय आहे. पहिले 24 तास आंघोळ घालू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ओवा-वावडिंगाची धुरी मायेपोटी दिली जाते हे खरे, परंतु कोंडलेल्या खोलीतील धूर बाळाच्या इवल्या फुप्फुसांना मानवत नाही.

वृद्धांची अडचण निराळी असते. त्यांना हुडहुडी कमी भरते, त्यामुळे अंग गार पडल्याचे इतरांच्या ध्यानात येत नाही. बोलणे अडखळू लागले, आजी नेहमीपेक्षा गोंधळल्यासारखी वाटली, तर अंगाचे तापमान पाहावे. ते 35 अंशांखाली गेले असेल तर दवाखाना गाठावा. ब्रँडीचे दोन चमचे देण्याची रीत सोडून द्यावी, कारण मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या पसरतात, अंग गरम वाटते आणि प्रत्यक्षात उष्णता निघून जाते. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब वाढतो, म्हणून गोळ्या घेणाऱ्यांनी या दिवसांत तो मोजत राहावा आणि फिरायला ऊन पडल्यावर निघावे. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी शेकोटीपाशी पाय पसरून बसू नये. कातडी भाजल्याचे त्यांना फोड आल्यावरच कळते.

विजेबद्दल थोडे सांगायला हवे. पाणी तापवण्याची 1500 वॉटची रॉड साधारण साडेसहा अँपिअर वीज ओढते, म्हणून ती पंख्या-दिव्याच्या लहान सॉकेटला किंवा एक्स्टेन्शन बोर्डला जोडू नये. बादलीत बोट घालून पाणी पाहण्याआधी बटण बंद करून पिन काढावी.

(दृश्य: रात्रीचे दहा. अंगणात शेगडीभोवती बसलेले कुटुंब.)

जेवणे झाली आहेत, बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी यांचा वास अजून दरवळतो आहे. गप्पा संपल्या की मुले आत जातात. निखाऱ्यांवर पाणी ओतले जाते, शेगडी अंगणातच तुळशीपलीकडे सरकवली जाते आणि त्यानंतर दाराला कडी लागते.